केशकर्तनालयातली बाटली

१

ट्रेमध्ये कापूस होता, चिमटा होता, पुसायचं फडकं होतं. बाटली तेवढी नव्हती.

ताईंनी ट्रेखाली पाहिलं, न्हाव्याच्या खुर्चीखाली पाहिलं, आरशामागे पाहिलं आणि शेवटी स्वतःची पर्ससुद्धा उलटी केली. घाबरलेलं माणूस वस्तू जिथे असणं शक्यच नाही तिथे दोनदा बघतं.

"इथेच ठेवली होती हो," त्या म्हणाल्या. सर्दीने त्यांचा आवाज आधीच बसला होता, तो आता पार खाली गेला.

रस्ता रुंद करताना पाडायला निघालेलं एक जुनं केशकर्तनालय वस्तुसंग्रहालयाने जसंच्या तसं उचलून आणून तळमजल्यावर मांडलं होतं. खुर्ची, वस्तरे, चामड्याचा पट्टा, आणि दाढीनंतर गालांना लावायच्या सुगंधी पाण्याची एक बाटली. आतलं पाणी तांबूस, अर्ध्याला आलेलं. ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. तो वास आता या बाटलीत होता, नाहीतर म्हाताऱ्यांच्या नाकात.

मंगळवारी वस्तुसंग्रहालय लोकांसाठी बंद असतं. त्या दिवशी तिथे काम करणाऱ्या ताई स्मरण विरत चाललेल्या माणसांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना बोलवायच्या. जुन्या वस्तू हातात द्यायच्या, बोलू द्यायचं, शेवटी चहा. नियम दोनच होते. 'आठवतंय का?' असं विचारायचं नाही. आणि कोणी काहीही म्हणालं तरी खोडून काढायचं नाही. बाहेर बर्फ पडतोय असं कोणी म्हणालं, तर मुकाट्याने आपला स्वेटर शोधायचा.

आज तीन जोड्या आल्या होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्यांची सून. माई आणि तिचा मुलगा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून तो चष्मेवाला. आणि साहेब आणि काकू.

साहेब म्हणजे गुन्ह्यांचा तपास करणारे एके काळचे मोठे पोलीस अधिकारी. ऐन भरात होते तेव्हा खिसेकापू त्यांच्या रस्त्याने जात नसत. काकू त्यांची बायको. गेली दोन वर्षं मात्र साहेब तिला 'बाई' म्हणत, दिवेलागणीला दारापर्यंत सोडायला येत आणि सांगत, "निघा आता बाई. तुमच्या घरी वाट बघत असतील."

काकू दाराबाहेर जायची, पायपुसण्यावर थोडा वेळ उभी राहायची आणि परत आत यायची. साहेब म्हणायचे, "आलीस? ती बाई आत्ताच गेली बघ." हा एवढा 'आलीस' ऐकण्यासाठी ती रोज बाहेर जायची. हल्ली तोही ऐकू येईनासा झाला होता.

फक्त मंगळवारी चित्र बदलायचं. केशकर्तनालयाला लागूनच 'जुनी कचेरी' नावाचं दालन होतं. लोखंडी टेबल, फिरती खुर्ची, दौत, भिंतीवर घड्याळ. टेबलाचा खण गंजून बसलेला, रखवालदाराच्याही बापाला न उघडणारा. साहेब तिथे जाऊन बसायचे आणि त्यांची पाठ ताठ व्हायची. एकदा त्या खुर्चीतून त्यांनी तिला चक्क "अगं" अशी हाक मारली होती. त्या एका हाकेवर काकूने कितीतरी मंगळवार काढले होते.

आणि आता संचालक जिना उतरून आले होते.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," ते म्हणाले. "ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यांच्या हातात संग्रहालयाच्या वस्तू द्यायच्या नाहीत. पुढच्या मंगळवारपर्यंत बाटली आली नाही, तर मंगळवार बंद. कायमचा."

सून रडवेली झाली. चष्मेवाल्याने आईचा हात घट्ट धरला. काकू पुढे झाली.

"आमच्या पिशव्या तपासा," ती म्हणाली. "पहिली माझी."

पिशव्या तपासल्या, खिसे तपासले, केराची टोपलीही उलथी केली. काही सापडलं नाही. काकूने सुटकेचा श्वास टाकला आणि साहेबांच्या हनुवटीवर सांडलेला चहा पुसायला त्यांच्या डाव्या खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता. सकाळी स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवलेला पांढरा रुमाल तिथे नव्हता.

२

पोलिसाच्या बायकोला रुमाल हरवण्याचा अर्थ वेगळा लागतो.

साहेबांची जुनी खोड होती. गुन्ह्याच्या जागी काही सापडलं की ते उघड्या हाताने उचलायचं नाही. डाव्या खिशातला रुमाल काढायचा, वस्तू त्यात गुंडाळायची, वर दोन गाठी मारायच्या. काकूने आयुष्यभर त्या गाठी सोडून रुमाल धुतले होते.

घरी आल्यावर तिने साहेबांचा कोट झटकला, बूट झटकले, अस्तर चाचपलं. काहीच नाही. तिला हायसंही वाटलं आणि भीतीही वाटली. बाटली त्यांनीच उचलली असेल तर संचालकांचं म्हणणं खरं ठरणार होतं. आपणच आपल्या हाताने मंगळवारच्या नरड्यावर पाय द्यायचा की काय?

ती शेंगा सोलायला बसली. साहेब समोर बसले.

कैक वर्षं हे असंच चालत आलं होतं. तिने भाजी निवडायची, त्यांनी दिवसभराचं प्रकरण मांडायचं. कोण कुठे होतं, कोण काय म्हणालं. शेवटी ते विचारायचे, "मग, तुला काय वाटतं?" ती काहीतरी म्हणायची. तिच्या मते अगदी साधंच. "ज्या बाईला कुत्र्याची भीती वाटते ती मागच्या दाराने कशाला येईल?" साहेब ताडकन उठायचे आणि टोपी घालून बाहेर पडायचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात साहेबांच्या बुद्धीचं कौतुक छापून यायचं.

तिला कौतुक नको होतं. पण एकदा तरी, चार लोकांत नाही, घरात, त्यांनी म्हणावं असं तिला फार वाटायचं, की हे तुझ्यामुळे सुटलं. ते कधीच म्हणाले नाहीत. आता तर म्हणणाराच हळूहळू निघून चालला होता.

"अहो," ती म्हणाली, "आज एक चोरी झाली."

साहेबांनी एक शेंग उचलली, उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली.

"बाई, तुम्हाला उशीर होतोय," ते म्हणाले.

काकूने शेंगा बाजूला सारल्या. आजवर ते मांडायचे आणि ती ऐकायची. आता मांडायचंही तिनेच आणि ऐकायचंही तिनेच. ठीक आहे, तर तसं.

३

दुसऱ्या दिवशी शेजारणीला साहेबांजवळ बसवून काकू बाहेर पडली.

रखवालदार म्हणाला, "काकू, मी दारातच होतो. बाटली घेऊन बाहेर माशीसुद्धा गेली नाही. मी तर म्हणतो, ताईंनीच कुठेतरी ठेवली असेल. नाक चोंदलं की डोकं पण चोंदतं."

ताईंना काकूने फोन केला. बैठक कशी झाली ते पहिल्यापासून सांगा म्हणाली.

"नेहमीसारखीच," ताई शिंकत म्हणाल्या. "मी आधी ट्रे मांडला आणि तुम्हाला घ्यायला दारात आले. मग आपण गोल बसलो. मी कापसावर पाणी घेतलं आणि कापूस फिरवला. साहेबांनी पहिल्यांदा हुंगला. बराच वेळ हुंगला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे दिला. मग मोठ्या बाई. शेवटी माई. चहाच्या वेळी साहेब नेहमीसारखे कचेरीत जाऊन बसले, आणि मी ट्रे उचलायला गेले तर बाटली नाही."

"तुम्ही दारात आलात तेव्हा ट्रेजवळ कोण होतं?"

"कोणी नाही. म्हणजे, चष्मेवाले थर्मास मांडत होते. चहा तेच घरून आणतात ना, सगळ्यांच्या आधी येऊन. फार भला माणूस."

भला माणूस दुकानात भेटला. गुळगुळीत दाढी केलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माई आतल्या खोलीत झोपली होती.

"जेवते का नीट?" काकूने विचारलं.

"कधी कधी," तो म्हणाला. काच पुसत राहिला. "परक्या माणसाच्या हातून ती घास घेत नाही. लाजते. आणि काकू, मी आता परका आहे." मग घाईघाईने म्हणाला, "त्या बाटलीचं एवढं मनावर नका घेऊ. तसंही त्यात काय उरलं होतं?"

काकूच्या डोळ्यांसमोर अर्धी भरलेली बाटली आली.

शेवटी ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. मोठ्या बाई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मुलांना रांगेत चालायला सांगत होत्या. सूनबाईने पाणी आणलं आणि बोलता बोलता हसू लागली.

"काल आमच्या सासूबाईंनी काय केलं पाहिलंत ना? कापूस हुंगला आणि म्हणतात कशा, 'हा चहा आहे. आणि पाणचट आहे.'"

काकूही हसली. सगळ्यांनीच मान डोलावली होती. हो हो, चहाच! नियमच होता तसा.

"आणि माईंचं?" सून म्हणाली. "कापूस अजून सासूबाईंच्याच हातात, तोवर माईंनी मुलाच्या गालावर हात ठेवला आणि विचारलं, 'आज लवकर सुटलात?' बिचारा कसा लाल झाला. मग त्याच्या हातून चार बिस्किटं खाल्ली हो त्यांनी!"

"मी विनोद केलेला नाही," खिडकीतून मोठ्या बाई म्हणाल्या. "चहा होता."

काकू जिना उतरू लागली आणि अर्ध्या जिन्यावर थांबली. कठडा धरून उभी राहिली.

मोठ्या बाईंनी जन्मभर पोरांची खोटी कारणं पकडली होती. कालचा दिवस त्या विसरल्या असतील. पण नाक कधीपासून विसरायला लागलं? सगळ्यांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं, आणि म्हणूनच कोणी ते ऐकलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू साहेबांना घेऊन वस्तुसंग्रहालयात आली. ताईंना तिने आधीच सांगून ठेवलं होतं: काहीही झालं तरी मध्ये बोलायचं नाही.

साहेब नेहमीसारखे जुन्या कचेरीत शिरले आणि खुर्चीत बसले. काकू टेबलासमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने नवऱ्याला सलाम ठोकला. हात थोडा चुकीच्या ठिकाणी लागला, पण ठोकला.

'तुम्ही बाटली घेतलीत का', 'आठवतं का', हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. घरात दोन वर्षं तसं विचारून तिला फक्त घाबरलेले डोळे मिळाले होते. म्हणून तिने हाताखालचा शिपाई विचारील तसं विचारलं.

"साहेब, परवाचा मुद्देमाल कोर्टात पाठवायचाय. कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?" साहेब खेकसले. "जिथे असतो तिथे!"

त्यांनी टेबलाखाली गुडघा घातला, खणाला खालून एक दणका दिला, मूठ धरून वर उचलली आणि ओढली. गंजून बसलेला खण, ज्याच्याकडे शोधताना कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कुरकुरत बाहेर आला. सरकारी टेबलं सगळीकडे सारखीच अडतात आणि सारख्याच दणक्याने उघडतात.

खणात पांढऱ्या रुमालाचं गाठोडं होतं. वर दोन गाठी.

ताईंनी तोंडावर हात दाबला. काकूने गाठी सोडल्या. बाटली धडधाकट होती, पाणी तेवढंच होतं. तिने बूच काढलं आणि वास घेतला.

"चहा," ती म्हणाली. "पाणचट."

"म्हणजे?" ताई कुजबुजल्या.

"म्हणजे चोरी आधीच झाली होती. बाटलीची नाही, आतल्या पाण्याची. नाक चोंदलेलं होतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. मोठ्या बाईंना कळलं, त्या बोलल्या, आपण सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. ह्यांना पण कळलं. यांनी बाटली लांबवली नाही ताई. यांनी पुरावा जप्त केला."

तिला हसू आलं. दोन वर्षांनी तिचा नवरा कामावर गेला होता आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"पण कोणी—" ताईंनी सुरुवात केली.

"माईंनी मुलाला नवरा समजून विचारलं, आज लवकर सुटलात? तेव्हा कापूस त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि पोचला असता तरी त्याला चहाचा वास होता. मग ताई, त्यांना नवऱ्याचा वास आला कुठून?"

५

चष्मेवाल्याने नाकारलं नाही. काकू दुकानात शिरली, काउंटरपाशी उभी राहिली, आणि तो मटकन स्टुलावर बसला.

"बाबा रोज तेच लावायचे," तो म्हणाला. "पहिल्या मंगळवारी ताईंनी कापूस फिरवला आणि माझ्या बोटांना वास राहिला. घरी आलो, तिला भात भरवायला गेलो. काकू, कित्येक दिवस चमचा बघून तोंड फिरवणारी माझी आई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, 'तुम्ही जेवलात का?' आणि सगळं ताट संपवलं."

"मग दर मंगळवारी थेंब थेंब."

"शाई भरायच्या नळीने. पातळी खाली जाऊ नये म्हणून थर्मासमधला चहा घालायचो. परवा शेवटचं काढलं. मला माहीत होतं, आता पकडलं जाणार." त्याने खणातून एक इवलीशी कुपी काढली. तळाशी थोडं पाणी होतं. "एवढंच उरलंय."

काकूने कुपीकडे पाहिलं. रागवायचं तिने घरून ठरवून आणलं होतं. तो राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"तू तिला सांगत नाहीस, तू कोण ते?"

"आधी सांगायचो. ती रडायची. म्हणायची, माझा मुलगा तर एवढासा आहे, शाळेत गेलाय. मग मी बाबा झालो." तो काच पुसू लागला, जी आधीच स्वच्छ होती. "ती माझ्याशी इतकं छान बोलते काकू. पण बोलत असते त्यांच्याशी. आणि मग विचारते, पोरगा कसा नाही आला अजून? मी म्हणतो, येईल."

पायपुसण्यावर उभं राहणं म्हणजे काय ते काकूला ठाऊक होतं.

"मंगळवारी ये," ती शेवटी म्हणाली. "कुपी घेऊन ये. जे सांगायचं ते साहेबांपुढे सांग. त्यांनी पकडलंय, त्यांनाच सांगायला पाहिजे."

"त्यांना काय कळणार आहे, काकू?"

"ते बघू."

६

मंगळवारी जुन्या कचेरीत दाटी झाली. दारात हाताची घडी घालून संचालक उभे होते. ताईंची सर्दी गेली होती, पण नाक लालच होतं. मोठ्या बाईंनी सगळ्यांना शांत बसायची खूण केली. माई एका कोपऱ्यात बसली होती. आज तिच्या मुलाच्या गालांना कसलाच वास नव्हता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

साहेब खुर्चीत होते. बाटली, रुमाल आणि कुपी टेबलावर ओळीने मांडली होती. चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. नळी, चहा, आईचं ताट. काही लपवलं नाही.

साहेबांनी कुपी उचलली नाही. फक्त पाहिली. मग त्यांनी पोराकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते काहीतरी, ज्याच्यासाठी काकू जगत होती, हळूहळू मागे सरकू लागलं. तिला ते दिसलं. आता ते विचारणार, बाई, मी इथे काय करतोय? मग संचालक मान हलवणार.

"मग साहेब," ती घाईने म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ओळखीची खूण नव्हती. एका सभ्य गृहस्थाने अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "असलं मी एकटा ठरवत नाही. घरी विचारून सांगतो."

"घरी?"

"घरी आमची ही असते ना." त्यांनी आवाज खाली आणला, कारण ही गोष्ट खात्यात कोणाला सांगण्यासारखी नव्हती. "लोक म्हणतात, साहेबांची बुद्धी. कसली बुद्धी! मी नुसता हिंडतो आणि गोळा करतो. सोडवते ती. शेंगा सोलता सोलता. तिला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. राहून गेलं."

काकूने टेबलाची कड धरली. मी आहे ती, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. मी इथे उभी आहे, माझ्याकडे बघा. पण समोरच्या माणसाचं म्हणणं खोडायचं नाही हा नियम होता. आणि ती मीच आहे असं म्हटलं असतं तर त्यांचं हे बोलणं तिथेच थांबलं असतं.

"आज सांगा," ती म्हणाली. "घरी गेल्यावर."

"सांगतो."

"आणि या मुलाचं? त्या काय म्हणतील?"

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा ते हसत होते.

"म्हणेल, पोटासाठी केलंय, तेही आईच्या. यात पकडायचं काय? आणि म्हणेल, त्या म्हातारीला आधी जेवायला घाला, मग कायदा सांगा."

काकू रात्रभर स्वतःशी हेच म्हणत होती. अगदी याच शब्दांत.

"असंच म्हणतील?" तिने विचारलं. "नक्की?"

"म्हणजे काय!" साहेब म्हणाले. "मी ओळखतो ना तिला."

संचालकांनी हाताची घडी सोडली आणि चष्मा उगाचच पुसला. "बाटली आली ना परत," ते जिन्याकडे बघत पुटपुटले. "कुपी इथेच राहू द्या, ताईंच्या ताब्यात. माईंचा डबा दर मंगळवारी इथे घेऊन या. पाणी आहे तोवर." मग ते भराभर वर निघून गेले.

"आणि संपल्यावर?" चष्मेवाल्याने विचारलं. ताईंनी कापसावर एक थेंब घेतला आणि त्याच्या हातात दिला. कोपऱ्यात माईने मान वर केली.

काकूने रुमालाची घडी घातली आणि साहेबांच्या डाव्या खिशात ठेवली.

"निघा आता बाई," साहेब प्रेमाने म्हणाले. "उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील."

"हो," काकू म्हणाली. "तुमच्याही."